म्हसळ्याचा आकडा

रायगडच्या दक्षिण टोकाला ज्या गावात जावं, त्या गावाकडे मिरवायला काहीतरी असतंच. श्रीवर्धनला समुद्र आहे, रोठा सुपारी आहे आणि वर पेशव्यांचं भट घराणंही त्यांचंच. हरिहरेश्वर म्हणजे दक्षिण काशी. दिवेआगरचा सोन्याचा गणपती २०१२ साली चोरीला गेला, पण चोरी व्हायला आधी सोन्याचा गणपती असावा लागतो. मुरूडला जंजिरा. माणगावला महामार्ग आहे आणि कोकण रेल्वेचं स्टेशनही. या सगळ्यांच्या मध्ये आमचं म्हसळा. श्रीवर्धनहून परतलेल्या मुंबईकराला विचारा, म्हसळ्यात काय पाहिलंत? तो प्रामाणिकपणे आठवून बघतो आणि म्हणतो, "वडापाव खाल्ला होता बहुतेक."

ही सल आमच्या गुरुजींना फार. गुरुजी म्हणजे गणिताचे निवृत्त शिक्षक. निवृत्तीनंतर माणसं भजनी मंडळात जातात, बागायत करतात, निदान सुनेच्या स्वयंपाकात लक्ष घालतात. गुरुजींनी पिनकोडात लक्ष घातलं. एका संध्याकाळी ते स्टँडजवळच्या टपरीवर आले, खिशातून डायरी काढली आणि जाहीर केलं, "आपला आकडा मी तपासायला घेतलाय."

बाकड्यावरच्या एका होतकरू तरुणानं मान पुढे करून हळूच विचारलं, "ओपन की क्लोज, गुरुजी?"

"गाढवा, पिनकोड!"

तर म्हसळ्याचा पिनकोड ४०२१०५. लाखाच्या हिशेबात चार लाख दोन हजार एकशे पाच. आता पिनकोड ही काय तपासण्याची वस्तू आहे? पाकिटावर सहा चौकोन असतात, त्यात तो भरायचा आणि विसरायचा. पण हा आकडा जिथून आला ते घर पाहिलं तर गुरुजींचा नाद अगदीच जगावेगळा वाटत नाही. देशाला पिनकोड मिळाला १५ ऑगस्ट १९७२ रोजी, आणि तो बसवला श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी. केंद्राच्या दळणवळण मंत्रालयात ते अतिरिक्त सचिव होते आणि एरवी संस्कृत कवी. संस्कृतसाठी त्यांना १९९६ साली राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. त्यांच्या नावावर १०५ पुस्तकं आणि नाटकं सांगतात. म्हसळ्याचे शेवटचे तीन अंक १०५ आहेत, हे गुरुजींनी टपरीवर दोनदा सांगितलं. पहिल्यांदा कुणी दाद दिली नव्हती.

पिनकोडची मांडणी तशी सरळ आहे. देशाचे नऊ विभाग. त्यांतले आठ भूगोलाचे आणि नववा लष्कराच्या टपालाचा. पहिला ४ आला की महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड हा टापू. ४०२ आलं की आमचा जिल्हा. शेवटचे तीन अंक पोस्ट ऑफिसचे. पिनकोड आला तेव्हा जिल्हा कुलाबा होता. १९८१ साली त्याचा रायगड झाला. तो करणारे मुख्यमंत्री अंतुले आमच्याच तालुक्यातल्या आंबेतचे. पाट्या बदलल्या, शिक्के बदलले, लेटरहेडांचे गठ्ठे रद्दीत गेले. ४०२ जागचा हलला नाही. एक मुख्यमंत्री जिल्ह्याचं नाव बदलू शकतो, पण पोस्टाचा आकडा बदलायला त्यालाही जमत नाही, की सुचत नाही, कोण जाणे.

मी गुरुजींना एक रास्त शंका विचारली होती. पिनकोड हा पत्ता आहे, संख्या नव्हे. त्याची बेरीज-वजाबाकी करून काय मिळणार? त्यावर गुरुजींनी लगेच उदाहरण घेतलं. माणगाव ४०२१०४, श्रीवर्धन ४०२११०. दोन्हींची बेरीज करा, दोनाने भागा. येतात ४०२१०७. रस्त्यावर माणगाव आणि श्रीवर्धनच्या मध्ये कोण? म्हसळा. गणितात मध्ये कोण? ४०२१०७ म्हणजे पेण! म्हणजे माझी शंका बरोबरच होती, पण गुरुजींचा चेहरा असा खुलला होता की हरलो मीच असं सगळ्यांना वाटलं.

मग त्यांनी आकडा फोडायला घेतला. शेवटी ५, म्हणजे पाचाने भाग जातो हे टपरीवरच्या पोरालाही दिसलं. अंकांची बेरीज १२, म्हणून तिनानेही जातो. राहिली ११ ची कसोटी, सहावीत सगळ्यांना शिकवतात आणि सातवीत सगळे विसरतात ती. एकाआड एक अंक घ्यायचे: ४, २, ० यांची बेरीज ६; ०, १, ५ यांचीही ६. दोन्हीकडे सारखं, फरक शून्य, भाग पूर्ण जातो. उरले २४३७. त्याला गुरुजींनी ७ पासून ४७ पर्यंतच्या प्रत्येक मूळ संख्येनं भागून पाहिलं, तो कुणालाच दाद देईना. म्हणजे तोही मूळ. हिशेब झाला: ३ गुणिले ५ गुणिले ११ गुणिले २४३७. चार मूळ अवयव, एकही दोनदा आलेला नाही.

"११ कुठून आला कळतंय का?" गुरुजींनी विचारलं. कुणालाच कळत नव्हतं. "अरे, म्हसळा कुणाच्या राज्यात होतं? जंजिऱ्याच्या. जंजिऱ्याच्या नवाबाला सलामी किती तोफांची? अकरा!"

यावर बेकरीवाले चाचा गंभीरपणे म्हणाले, "मग ३ आणि ५ कुणाचे?" गुरुजींनी चहा मागवला.

गंमत पुढेच आहे. गणितवाल्यांनी संख्यांना अशा काही जाती-पोटजाती लावून ठेवल्यात की आपल्याकडचे लग्न जुळवणारे मध्यस्थ त्यांच्यापुढे उदारमतवादी ठरावेत. पहिली विभागणी ग्रीकांच्या काळापासूनची. संख्येला ज्या ज्या लहान संख्यांनी पूर्ण भाग जातो त्या सगळ्यांची बेरीज करायची. बेरीज संख्येइतकी आली तर ती परिपूर्ण. ६ ची १, २, ३ मिळून ६ होते. पुढे २८, मग ४९६, मग ८१२८ आणि त्यानंतर एकदम ३,३५,५०,३३६. इतकी दुर्मिळ. बेरीज जास्त आली तर संख्या अधिक, कमी आली तर उणी. म्हसळ्याचे विभाजक सोळा. स्वतः म्हसळा सोडून उरलेल्या पंधरांची बेरीज गुरुजींनी केली: ३,००,०३९. पाहिजेत ४,०२,१०५. म्हणजे १,०२,०६६ ची तूट.

"तूट आहेच," एक माजी सदस्य म्हणाले. कशाचे सदस्य ते सांगत नाही. "आम्ही किती वर्षं वर कळवतोय!"

गुरुजींनी समजूत घातली की चारांतल्या तीन संख्या उण्याच असतात, लाजायचं कारण नाही. श्रीवर्धनही उणंच आहे. हे शेवटचं ऐकल्यावर बाकड्यावर जरा बरं वाटलं.

दुसरी जात काढायची तर संख्या संगणकाच्या भाषेत, म्हणजे नुसत्या १ आणि ० मध्ये लिहायची. म्हसळा होतं ११०००१०००१०१०१११००१. गुरुजींनी हे डायरीत लिहून दाखवलं तेव्हा पोस्टमनभाऊ म्हणाले, हे पाकिटावर लिहाल तर मी राजीनामा देईन. आता यातले १ मोजायचे. ते सम असले तर ती संख्या दुष्ट. विषम असले तर किळसवाणी. ही नावं मी रचलेली नाहीत. इंग्रजीत सम आणि विषमच्या पहिल्या अक्षरांवरून कुणा गणितज्ञाला कोटी सुचली आणि ती जगभर रूढ झाली. म्हसळ्यात १ किती? नऊ.

"म्हणजे आपण किळसवाणे?" चाचांनी विचारलं.

"गणिताच्या दृष्टीनं."

"आणि श्रीवर्धन?"

गुरुजींनी डायरीची पानं उलटली. श्रीवर्धनात १ दहा वेळा. "दुष्ट." माणगावात आठ वेळा. "तेही दुष्ट."

दोन दुष्टांच्या मध्ये एक किळसवाणा. टपरीवर यावर मतदान झालं नाही, पण झालं असतं तर किळसवाणं बहुमताने मंजूर झालं असतं. दुष्टाबद्दल लोक निदान बोलतात, असं एकच विरोधी मत पडलं असतं. ते होतकरू तरुणाचं.

खरा भडका उडाला तो तिसऱ्या जातीवर. आनंदी संख्या आणि दुःखी संख्या असा एक प्रकार आहे. प्रत्येक अंकाचा वर्ग करायचा, सगळे वर्ग मिळवायचे, आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच करायचं. फिरत फिरत १ वर येऊन थांबलात तर संख्या आनंदी. नाहीतर दुःखी, आणि मग ४, १६, ३७, ५८, ८९, १४५, ४२, २० आणि पुन्हा ४ या आठ आकड्यांतून सुटका नाही. म्हसळ्याचं ४६ झालं, मग ५२, २९, ८५ आणि ८९. अडकलं.

टपरीच्या काकू इतका वेळ गाळण्यातली पावडर पिळत गप्प ऐकत होत्या. त्या आता वळल्या. "ओ गुरुजी, दुःखी कोण? माझा एक मुलगा दुबईत, एक कुवेतला. घरात दोन फ्रिज आहेत. एकात नुसतं पाणी असतं. मला दुःखी म्हणायला तुमच्या गणिताच्या बापाचं काय जातंय?"

गुरुजींकडे उत्तर नव्हतं. दोन फ्रिजांपुढे कुठलंही गणित उभं राहत नाही.

"आनंदी कोण मग?" काकूंनी दरडावून विचारलं. गुरुजींनी हळू आवाजात सांगितलं, "तळा." तळ्याचा पिनकोड ४०२१११. वर्गांची बेरीज २३, मग १३, मग १०, मग १. चार पावलांत आनंद. एवढ्यावर थांबले असते तर निभावलं असतं, पण गुरुजींना पूर्ण सत्य सांगायची खोड. तळा नुसतं आनंदी नाही, ते हर्षदही आहे.

हर्षद हा शब्द आपल्याच माणसाचा. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर, जन्म १९०५, डहाणूचे. १९३० ते १९६२ नाशिकजवळ देवळालीत शाळामास्तर. पुढची कुठली पदवी घेतली नाही, विद्यापीठात नोकरी केली नाही. शाळा सुटली की माणूस आकड्यांशी खेळत बसायचा. संख्येच्या अंकांची बेरीज करा आणि त्या बेरजेनं संख्येला भाग जातो का बघा. गेला तर ती हर्षद, म्हणजे आनंद देणारी. ४०२१११ च्या अंकांची बेरीज ९, आणि नवाने तिला पूर्ण भाग जातो. अलिबागलाही जातो, पण ते जिल्ह्याचं ठिकाण, त्यांचं काय, सगळंच त्यांना जातं. म्हसळ्याच्या अंकांची बेरीज १२. विषम संख्येला बारानं भाग जाईल कसा? हर्षही गेला.

इथे थोडं थांबून कापरेकरांबद्दल मला जरा बोलायचंय. आपल्याकडे गणित म्हटलं की रामानुजन, आणि रामानुजन म्हटलं की ती लंडनची टॅक्सी. हार्डी १७२९ नंबरच्या टॅक्सीतून आला, म्हणाला कंटाळवाणा नंबर होता. रामानुजन आजारी अंथरुणावरून म्हणाला, छे, दोन घनांची बेरीज म्हणून दोन प्रकारे लिहिता येणारी ही सर्वांत लहान संख्या. गोष्ट उत्तमच आहे. पण त्या गोष्टीत संख्या आधीच थोर निघते. कापरेकरांचं तसं नव्हतं. कुठलाही आकडा पुढे टाका, तो थोर असो नसो, ते त्याला पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत सगळे प्रश्न विचारणार. डोंबिवलीच्या स्टेशनवर त्यांना काही संख्या सुचल्या तर त्या स्टेशनाच्या जुन्या नावावरून त्यांना डेम्लो संख्या हे नाव दिलं. आपल्यातल्या बड्या गणितज्ञांनी याला बराच काळ पोरखेळ म्हटलं. १९७५ साली अमेरिकेत मार्टिन गार्डनर यांनी आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा कुठे देवळालीच्या मास्तरांचं नाव जगभर झालं. माझं मत विचाराल तर पोरखेळच होता, आणि म्हणूनच तो टिकला. गणितातल्या गंभीर गोष्टी समजायला एम.एस्सी. लागते, कापरेकरांच्या समजायला एक चहा आणि उलटी बाजू कोरी असलेलं बिल पुरतं.

कापरेकरांची आणखी एक जात आहे: स्वयंभू संख्या. एखाद्या संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवली की पुढची संख्या जन्मते; २१ मध्ये ३ मिळवले की २४. जिला असा कुणीच जन्मदाता नाही ती स्वयंभू. कोकणात स्वयंभू या शब्दाचं वजन सांगायला नको. देव स्वयंभू निघाला की रस्ता डांबरी होतो, सभामंडप होतो, पार्किंग होतं. साहजिकच बाकड्यावर आशा पालवली. म्हसळ्याला जन्मदाता आहे का? गुरुजींनी शोधला होता. ४०२०९०. त्याच्या अंकांची बेरीज १५, मिळवा, ४०२१०५. बाप सापडला. सभामंडप गेला.

"मग आपल्याकडे स्वयंभू कोण?"

गोरेगाव. आपलं, माणगाव तालुक्यातलं, ४०२१०३. मुंबईच्या गोरेगावची पत्रं यांच्याकडे आणि यांची तिकडे, असला गोंधळ मिटावा म्हणून तर पिनकोड आला. त्या गोरेगावाच्या आकड्याला बाप नाही. गुरुजींनी ४०२०४९ पासून पुढे सगळे बघितले, एकाचीही बेरीज तिथे पोचत नाही. लोणेऱ्याचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ याच पिनकोडात येतं. स्वयंभू पिनकोडात तंत्रशास्त्र! तिथल्या विद्यार्थ्यांना हे ठाऊक आहे की नाही, माहीत नाही, पण परीक्षेच्या आदल्या रात्री आपणच आपला आधार ही भावना त्यांच्यात असतेच म्हणतात.

आता पेण. हे सांगायला गुरुजी तीन चहा टाळत होते. ४०२१०७ ही मूळ संख्या आहे. १ आणि स्वतः सोडून तिला कुणीही भागू शकत नाही. हे सिद्ध करायचं तर ६३४ पर्यंतच्या ११५ मूळ संख्यांनी एकेक करून भागून बघावं लागतं. गुरुजींनी बघितलं. पावसाळ्यातले दिवस, लाईट गेलेली, मोबाईलची बॅटरी तोंडात धरून. आतून वहिनींचा आवाज, "अहो, जेवायचं आहे का?" यांचं उत्तर, "चारशे नऊ झाले." एकदाही भाग गेला नाही. रोहा फुटतं २३ नं, मुरूड १९ नं, महाड ३७ नं. आमच्या ओळखीच्या साऱ्या तालुक्याच्या गावांत गुरुजींना अभंग सापडलं ते एकटं पेण. आधीच गणपतीचं गाव, त्यात हे.

एवढं ऐकल्यावर बाकडं खचलं. उणा, किळसवाणा, दुःखी, हर्ष नाही, स्वयंभू नाही, मूळ नाही. दोन वर्गांची बेरीज करून तरी हा आकडा येतो का, हेही गुरुजींनी पाहिलं होतं, येत नाही. ३ आणि ११ हे अवयव ते होऊ देत नाहीत. आमच्याकडच्या वाडीवस्तीच्या शाळांत दोन वर्ग एकत्र बसवून एक शिक्षक वर्षानुवर्षं चालवतो. म्हसळ्याच्या आकड्याला तेवढंही जमेना. तीन वर्ग मात्र चालतात: ६३४ चा वर्ग, १० चा वर्ग आणि ७ चा वर्ग. मिळवा, बरोबर ४,०२,१०५.

मग गुरुजींनी शेवटचं पान काढलं. कापरेकरांचा सगळ्यांत प्रसिद्ध खेळ. चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमानं लावा, चढत्या क्रमानं लावा, मोठ्यातून लहान वजा करा. आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच. कुठूनही निघा, सात पावलांच्या आत ६१७४ वर पोचता आणि तिथेच राहता. सहा अंकी संख्यांना मुक्कामाची दोन ठिकाणं आहेत, ५४९९४५ आणि ६३१७६४. म्हसळा कुठे मुक्कामाला जातं?

५४२१०० वजा ००१२४५ म्हणजे ५४०८५५. तिथून ८०९९८२. मग ९६९९२१, ८७२६२२, ६५३५४४, ३१०८८७, ८७३५२२, ६५१७४४, ६२०८७४. दहाव्या पावलाला ८५१७४२. आणि इथून सुरू झाली फेरी: ७५०८४३, ८४०८५२, ८६०८३२, ८६२६३२, ६४२६५४, ४२०८७६ आणि पुन्हा ८५१७४२. सात थांबे. दोन्हींपैकी एकाही मुक्कामाला न जाता हा आकडा कायम फिरत राहतो. आमच्या स्टँडवरून दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्या एस.टी.चं याहून चांगलं वर्णन मी वाचलेलं नाही. गाडी येते, थांबते, जाते, पुन्हा येते. म्हसळा हे कुणाच्याच तिकिटावरचं शेवटचं गाव नाही.

यावर काकू म्हणाल्या, "हे बाकी खरं."

आणि तेव्हा गुरुजींनी तो आकडा उलटा लिहिला. ५०१२०४. मोठ्यातून लहान वजा केला. ९९०९९. उजवीकडून वाचा, डावीकडून वाचा, तेच. मग दोन्ही मिळवले. ९०३३०९. तेही दोन्हीकडून तेच. माणगावला, श्रीवर्धनला, पेणला वजाबाकीत हे जमत नाही. गुरुजींनी तिन्ही करून ठेवलेली होती. आता वेलणकरांच्या पुस्तकांत ज्याचं नाव हटकून घेतलं जातं ते विलोम काव्य आहे. सुलट वाचलं की रामाची स्तुती, उलट वाचलं की कृष्णाची. त्या माणसाच्या टेबलावरून आपल्याला उलटसुलट वाचायचा आकडा यावा, याला काय म्हणाल? गुरुजींचा आवाज दाटून आला होता. पोस्टमनभाऊंनीही टोपी काढली. उकडत होतं म्हणून असेल.

मी मात्र घरी जाऊन जिल्ह्याचे पिनकोड एकाखाली एक लिहून काढले आणि माझ्या मनात पाल चुकचुकली. गोरेगाव १०३, माणगाव १०४, म्हसळा १०५, नागोठणे १०६, पेण १०७, पोयनाड १०८, रोहा १०९, श्रीवर्धन ११०, तळा १११. ही नावं इंग्रजी स्पेलिंगनं लिहा. जी, एम-ए, एम-एच, एन, पी-ई, पी-ओ, आर, एस, टी. म्हणजे आमच्या जिल्ह्याचा हर्ष, दुःख, दुष्टपणा, स्वयंभूपण, सगळं रोमन वर्णमालेच्या रांगेत उभं आहे.

दुसऱ्या दिवशी टपरीवर मी हे मांडलं आणि विचारलं, हीच नावं बाराखडीच्या क्रमानं लावली असती तर? गुरुजींनी तिथेच पेन्सिल काढली. गोरेगाव १०३ वरच. स्वयंभूला कोण हलवणार. तळा खाली येऊन १०४; हर्ष गेला, आनंद गेला, वर दुष्ट झालं. नागोठण्याला आमचा १०५ मिळाला. पेणला १०६, मूळपण पोयनाडला. माणगाव १०८. म्हसळा १०९, आणि तिथे १ दहा वेळा येतात, म्हणजे आम्हीही दुष्ट. उलटवजा-बिलटवजा सगळं गेलं नागोठण्याला. आणि शेवटचा १११, आनंदीही आणि हर्षदही, कुणाला? श्रीवर्धनला! समुद्र, सुपारी, पेशवे, आणि वर हर्ष.

पाच मिनिटं टपरीवर कुणी बोललं नाही. मग माजी सदस्य म्हणाले, "इंग्रजांनी एक तरी काम धड केलं म्हणायचं." ४०२१०५ आहे तसाच ठेवावा असा ठराव तिथल्या तिथे मंजूर झाला. काकूंनी तेवढी सूचना घातली की दुःखी हा शब्द कार्यवृत्तातून वगळावा. वगळला.

वाचकहो, तुमच्याही गावाला सहा अंक आहेत. एखाद्या रविवारी दुपारी अंकांची बेरीज करा, भागून बघा, उलटा लिहून वजा करा. वहीचं एक पान जाईल, फार तर जेवणाची एक हाक चुकेल. आम्हाला पत्र पाठवलंत तर सहाही अंक नीट लिहा, नाहीतर ते नागोठण्याला जाईल आणि त्यांच्या हाती आमचं काही आता लागू द्यायचं नाही. आणि पेणमध्ये कुणी ओळखीचं असेल तर मूळ संख्येची ही गोष्ट त्यांना कळवू नका. मूर्तींचे भाव आधीच परवडत नाहीत.